चार नंबरची काच

ओव्हाळ मॅडम कुठल्याही घरात शिरताना दार वाजवायच्या नाहीत, भिंत वाजवायच्या. पर्समधून लोखंडी कपाटाची जाड किल्ली काढायच्या, दाराच्या चौकटीपासून हातभर अंतरावर ती तीनदा आपटायच्या आणि मान तिरकी करून ऐकायच्या. मग आत यायच्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या हेच करत होत्या. मला वाटलं कोणीतरी दार वाजवतंय, म्हणून मी आतून दार उघडून उभी राहिले.

"तुझ्याशी नव्हते बोलत," त्या म्हणाल्या. "तू कोण?"

मी सांगितलं की मी आर्किटेक्टच्या ऑफिसमधून आलेय, साइट मी बघणार आहे.

"बघ. बघायला कोणाची ना नाही." आणि त्या माझ्या शेजारून आत गेल्या, पुढची भिंत वाजवायला.

ते घर कॅम्पातल्या एका आतल्या गल्लीत आहे. रस्त्यावरून पाहिलं तर अरुंद, पण आत खोलवर गेलेलं. दोन मजले, वर कौलं, समोरची सगळी भिंत उघड्या लाल विटांची, दारा-खिडक्यांवर विटांच्याच कमानी. हनीफभाई तांबोळींच्या आजोबांनी ते विकत घेतलं तेव्हाच ते जुनं होतं. खाली पुस्तकबांधणी चालायची, वर कुटुंब राहायचं. पुढे कुटुंब कोंढव्याला फ्लॅटमध्ये गेलं आणि घराला कुलूप लागलं. हनीफभाईंचं पडद्यांच्या कापडाचं दुकान दुसरीकडे भाड्याच्या जागेत होतं. ती जागा सोडायची वेळ आली तेव्हा त्यांच्या मनात आलं, आपलंच घर आहे, त्याचंच दुकान करू. त्यांच्या धाकट्या भावाचं म्हणणं होतं की घर पाडावं आणि जागा बिल्डरला द्यावी. शेवटी दोघा भावांत ठरलं ते असं: घर मजबूत असेल तर दुकान, आणि भिंतीत काही निघालं तर पाडायचं. मग हनीफभाईंनी हट्ट करायचा नाही.

म्हणून ओव्हाळ मॅडमना बोलावलं होतं. सरकारी नोकरीत त्या ज्युनियर इंजिनिअर होत्या, आता निवृत्त. जुन्या भिंतींचं त्यांना कळतं असं कोणीतरी हनीफभाईंना सांगितलं होतं. घराचं दुकान होईपर्यंत भिंतींवर लक्ष ठेवणं हे त्यांचं काम. मापं घेणं आणि नकाशे काढणं हे माझं. आमच्या कोथरूडच्या ऑफिसात हे काम माझ्याकडे आलं, कारण बाकीच्यांना ग्राहकांशी बोलता यायचं. मला भिंती बऱ्या पडतात.

मॅडम साठीच्या पुढच्या, ठेंगण्या. सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. "साइटवर चपला घातल्या की खिळा पत्ता विचारत येतो," असं त्यांचं म्हणणं. पर्समध्ये किल्लीशिवाय एक ओळंबा असायचा, म्हणजे दोरीला बांधलेलं पितळी वजन, भिंत सरळ आहे का ते पाहायला. एक भिंग, खडूचे तुकडे, आणि स्टीलच्या छोट्या डबीत लिंबाची फोड. ती फोड पोह्यांसाठी. अकरा वाजता त्या सिमेंटच्या पोत्यावर वर्तमानपत्र घालून बसायच्या आणि डब्यातले पोहे खायच्या. त्या पंधरा मिनिटांत कोणी काही विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करायच्या. अकरा पंधराला उत्तर द्यायच्या.

मला त्या 'आर्किटेक्ट' म्हणायच्या. म्हणजे हाकच तशी मारायच्या, "ए आर्किटेक्ट, शिडी धर." पहिल्या आठवड्यात मी लॅपटॉपवर त्यांना नकाशा दाखवला. खाली दोन खोल्या होत्या, मधे एक जाड भिंत. दुकानासाठी त्या भिंतीत दहा फुटांची मोकळी जागा करायची होती, वर लोखंडी गर्डर टाकून. मी ती भिंत नुसती पुसून टाकली होती. स्क्रीनवर फार छान दिसत होतं.

मॅडमनी नकाशा पाहिला. "छान," त्या म्हणाल्या. "भिंतीला विचारलंस का?"

मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं.

"वरच्या मजल्याचं वजन हिच्यावर आहे. गर्डर टाकला की ते वजन बाजूच्या भिंतींवर जाणार. त्यांना चालणार आहे का? त्यांना आधी विचारायला नको?"

विचारायची त्यांची एक पद्धत होती. घराच्या पूर्वेकडच्या भिंतीत जुने तडे होते, बारीक, जिन्यापासून वर जाणारे. असा तडा जुना आणि मेलेला आहे की अजून वाढतोय, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून मॅडम तड्यावर आडवी काच लावायच्या. पातळ काचेची पट्टी, दोन्ही टोकं तड्याच्या दोन बाजूंना घट्ट चिकटवलेली. भिंत केसाएवढी जरी हलली तरी काच तुटते. भिंत गप्प असेल तर काच वर्षानुवर्षं तशीच राहते.

काचा आणायला आम्ही बुधवार पेठेत गेलो, प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या एका दुकानात. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात त्या काचपट्ट्या मॅडमना हव्या होत्या.

"कुठलं कॉलेज?" दुकानदाराने वर न बघता विचारलं.

"कॉलेज नाही. घराला लावायच्यात."

"सुट्या मिळणार नाहीत. बॉक्स घ्यावा लागेल."

"मी सुट्या मागितल्या का?"

"आधीच सांगून ठेवलं."

"बरं केलंत. आता बॉक्स द्या, की तोही आधीच देऊन ठेवलात?"

दुकानदाराने तेव्हा कुठे मान वर केली. मला वाटलं भांडण होणार. त्याने बॉक्स पुढे सरकवला आणि वर एक जास्तीची काच ठेवली, न बोलता. मॅडमनी ती घेतली, न बोलता. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "चांगला माणूस आहे." मी जन्मापासून पुण्यात आहे, पण माझी शाळा इंग्रजी, मैत्रिणी इंग्रजी, या शहरातली अशी मैत्री मला तोवर भांडणासारखीच ऐकू यायची.

पाच काचा लागल्या. प्रत्येकीखाली मॅडमनी नंबर आणि तारीख लिहिली. रोज सकाळी आल्यावर त्या एक ते पाच काचा भिंगातून पाहायच्या. मग मी साइटच्या नोंदवहीत लिहायचं. हे काम त्यांनी मला दिलं, कारण माझं मराठी अक्षर त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हे सुधारायला हवं." संध्याकाळी दोन ओळी: काचांचं काय, दिवसभरात काय झालं. पहिल्या दिवशी मी इंग्रजीत लिहिलं. त्यांनी वही परत दिली. "ही भिंत चुन्यातली आहे, आर्किटेक्ट. तिला इतकं अवघड येत नाही."

त्यांचे बाकीचे नियमही होते. शिडी चढताना बोलायचं नाही. भिंतीला पाठ लावून बसायचं नाही. आणि स्टीलची टेप सोडायची नाही, हाताने हळूहळू आत न्यायची. "ती स्प्रिंगची असते. सोडली की जनावरासारखी येते, कुठेही चावते."

एप्रिलमध्ये एक तरुण मुलगा सँपलची बॅग घेऊन आला. हनीफभाईंच्या भावाने पाठवला होता. त्याच्याकडे भिंतीला चिकटवायचा कागद होता, लाल विटांचं चित्र असलेला. "याने एकदम हेरिटेज लुक येतो मॅडम," तो म्हणाला आणि तो कागद त्याने खऱ्या विटांवर धरून दाखवला.

मॅडमनी शांतपणे पाहिलं. मग विचारलं, "लग्न झालंय?"

"नाही मॅडम."

"झालं की बायकोच्या चेहऱ्यावर तिचाच फोटो चिकटव. एकदम हेरिटेज लुक येईल."

मारुती मिस्त्री आतल्या खोलीत इतका हसला की त्याच्या हातातली थापी खाली पडली. मारुती मिस्त्री म्हणजे आमचा गवंडी, सासवडकडचा. मॅडमनी त्याला स्वतः निवडलं होतं, कारण चुन्याचं काम अजून येणारी माणसं त्यांना दोनच माहीत होती आणि दुसऱ्याचे गुडघे गेले होते. दोघांचं बोलणं फार कमी. त्या भिंत वाजवायच्या, तो दुसऱ्या बाजूने वाजवायचा, दोघं एकमेकांकडे बघायचे. "चांगली हाय," तो म्हणायचा. तेवढ्यावर त्यांचा दिवस जायचा.

त्या मुलाला मात्र मॅडमनी जाऊ दिलं नाही. त्याला बसवून पोहे दिले. मग एक वीट त्याच्या हातात देऊन किल्लीने वाजवली. "ऐक. ही नीट भाजलेली. हिला भट्टीत मधली जागा मिळाली होती. कडेची असती तर आवाज बसका आला असता." मी विचारलं, हे कसं कळतं. "माझे आईवडील वीटभट्टीवर होते," त्या म्हणाल्या. "चालायला यायच्या आधी मला विटा मोजता यायच्या." त्यावर पुढे काही नाही. अकरा पंधरा झाले होते.

काचांवर त्यांचा इतका विश्वास का, ते त्यांनी एकदाच सांगितलं, मी विचारलं नव्हतं तरी. नोकरीत असताना एका जुन्या इमारतीच्या भिंतीला त्यांनी काच लावली होती. अकराव्या महिन्यात ती तुटली. वरच्या साहेबांनी सांगितलं, दुसरी लावा आणि तारीख जुनीच टाका. मॅडमनी नोंदवहीत लिहिलं: काच तुटली, खोली रिकामी करावी. महिनाभरात त्यांची बदली लांबच्या जिल्ह्यात झाली. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती.

"मग?" मी विचारलं.

"मग पावसाळ्यात भिंत पडली. खोली रिकामी होती. नोंद झाल्यावर रिकामी करावीच लागली होती त्यांना."

"आणि बदली रद्द झाली?"

माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू माझं वय त्यांना नव्याने कळलंय. "बदली कशाला रद्द होते? पण त्या खोलीत बसणारे दोन शिपाई आहेत. अजून दर चौदा एप्रिलला घरी येतात, खिरीला." मग म्हणाल्या, "काच खोटं बोलत नाही. एवढ्यावर नोकरी केली मी."

हे ऐकून तीन आठवडेही झाले नव्हते.

मे महिन्यातली दुपार होती. मॅडम डोळे तपासायला गेल्या होत्या. मारुती मिस्त्री मागच्या बाजूला जेवत होता. सकाळी त्याने मधल्या भिंतीच्या वरच्या अंगाला, पूर्वेकडच्या भिंतीला लागून, गर्डर बसवण्यासाठी छिन्नीने खाच काढली होती. मी पूर्वेकडच्या भिंतीवर मांडण्यांची मापं घेत होते. टेप सहा फूट बाहेर होती, अंगठा लॉकवर. खिशातला फोन वाजला आणि मी दचकले. अंगठा सुटला. टेप सळसळत आत आली, तिचं लोखंडी टोक वाटेत भिंतीला लागलं, आणि टक असा आवाज झाला. फार छोटा आवाज होता. चार नंबरच्या काचेवर, बरोबर मधोमध, एक सरळ रेघ उमटली होती.

काच पडली नाही. नुसती रेघ. मी कुणी पाहिलं का ते पाहिलं. कुणी नव्हतं. मॅडमना फोन करायचा म्हणून मी नाव काढलं, मग वाटलं समोरासमोर सांगू. मग त्या आल्याच नाहीत, डोळ्यांत औषध घातल्यामुळे परस्पर घरी गेल्या. संध्याकाळी नोंदवही उघडली. काचांच्या पुढे काय लिहावं सुचेना. शेवटी मी लिहिलं: विशेष काही नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी भिंत वाजवली, आत आल्या, भिंग काढलं. एक, दोन, तीन. चारपाशी त्या थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मग भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं.

"कोणाचा धक्का लागला का इथे?"

मारुती मिस्त्री नाही म्हणाला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माझी मान हलली. नाही अशी हलली.

त्यांनी ते खरं मानलं. न मानायला त्यांच्याकडे कारण नव्हतं, त्यांची वही मी लिहायचे.

"फट दिसत नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पण तुटलीय." मग मिस्त्रीला विचारलं, "मारुती, काल छिन्नी कशी मारलीस?"

"नेहमीसारखी, मॅडम. भिंत चांगली हाय. म्या हात लावून सांगतो."

"हात मलाही आहेत," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता, पण नेहमीचा कोरडा नव्हता. "काम थांबव. टेकू लाव."

जिन्यापासून मागच्या दारापर्यंत वरच्या मजल्याला लाकडी टेकू लागले. मॅडमचं म्हणणं होतं की नवी काच लावून एक महिना थांबायचं. पण महिन्याभरात पावसाळा सुरू होणार, मग गर्डरचं काम दिवाळीपर्यंत लांबणार, आणि हनीफभाईंना जुनी जागा त्याआधी सोडायची होती. लोक पडदे बदलतात ते गणपतीच्या आधी. तोवर दुकान नसेल तर वर्ष गेलं. हनीफभाई आले आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहिले. सौम्य माणूस. कुणालाच काही बोलले नाहीत. त्यांचा भाऊ बिल्डरच्या इंजिनिअरला घेऊन आला. त्याने चार नंबरच्या काचेचा फोटो काढला, जवळून आणि लांबून.

"ठरलं होतं, भाईजान," भाऊ म्हणाला.

"हो. ठरलं होतं," हनीफभाई म्हणाले. "रविवारी बसू. सही करून टाकू."

मारुती मिस्त्रीने थापी, ओळंबा, रंधा धुऊन पिशवीत भरले आणि तो सासवडला निघून गेला. जाताना त्याने भिंतीला हात लावला. मॅडमकडे पाहिलं नाही. मॅडमनीही पाहिलं नाही. त्या दिवशी त्यांनी पोह्यांचा डबा उघडला आणि न खाता बंद केला. लिंबाची फोड डबीत तशीच राहिली. ती फोड मला दिसत राहिली पुढचे दोन दिवस.

त्या दोन दिवसांत मी मॅडमना मेसेज लिहिला आणि पुसला, किती वेळा ते मोजलं नाही. शनिवारी सकाळी स्कूटर काढली आणि विश्रांतवाडीला गेले. त्यांचं घर मी कधी पाहिलं नव्हतं, पत्ता वहीत होता. दार त्यांनीच उघडलं. घरातला गाऊन, हातात झारी. कुंड्यांना पाणी घालत होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला. "भिंत?" त्यांनी विचारलं.

 शाळेत काही चुकलं की जी भाषा तोंडात यायची तीच आली. "आय ब्रोक इट," मी म्हणाले.

"काय?"

"द ग्लास. नंबर फोर."

त्यांनी झारी खाली ठेवली. "आत ये. बस. मराठीत सांग, आणि पहिल्यापासून."

मी सांगितलं. फोन वाजला इथपासून. टेप, अंगठा, टक, मान हलवली ती, आणि वहीत लिहिलं ते.  माझं संपल्यावर त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून धरले. मला वाटलं आता त्या ओरडतील, आणि ओरडाव्यात असंही वाटलं. तळवे खाली आले तेव्हा डोळे ओले होते आणि चेहरा मला कधी न दिसलेला, अगदी सैल झालेला.

"भिंत हलली नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मी चुकले नव्हते."

"नाही."

"तीन दिवस मला वाटत होतं, आता मला भिंत ऐकू येत नाही. डोळे तर तपासून झालेच होते, आता कानही तपासून घेऊ का, असं..." वाक्य त्यांनी सोडून दिलं. चष्मा परत घातला. मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "काच खोटं बोलत नाही म्हणाले होते मी. बरोबरच म्हणाले होते. काचेने सांगितलं तुटले म्हणून. का तुटली ते तिने सांगायचं नव्हतं. ते तू सांगायचं होतंस."

माझी मान हलली, हो अशी. 

त्यांनी फोन उचलला आणि मारुती मिस्त्रीला लावला, स्पीकरवर. "मारुती, भिंत हललेली नाही. तुझी छिन्नी बरोबर होती, माझं चुकलं. आणखी एक जण बोलणार आहे." फोन माझ्यापुढे धरला. "बोल."

मी बोलले. पलीकडे बराच वेळ फक्त कोंबड्यांचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "म्या सांगितलं व्हतं, चांगली हाय." आणि थोड्या वेळाने, "ताई, तुमी रडताय व्हय? ऱ्हाऊ द्या. टेपी लई वंगाळ असत्यात." मॅडम तोंड फिरवून हसल्या. मला वाटतं तो त्यांच्याकडूनच तिकडे गेलेला नियम होता, किंवा त्याच्याकडून इकडे आलेला.

हनीफभाईंकडे त्या माझ्याबरोबर आल्या, पण बोलल्या नाहीत. कोचावर पर्स मांडीत घेऊन बसल्या, पाहुण्यासारख्या. मी सगळं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना शब्द जागच्या जागी येत होते. हनीफभाईंनी ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे घर ठीक आहे?"

"ठीक आहे."

"बेटा, उद्या मी सही करणार होतो." ते उठले, खिडकीशी गेले, परत आले. "अल्ला तेरा शुक्र है," असं हळूच म्हणाले आणि आतल्या बाजूला वळून जरा मोठ्याने सांगितलं, "चहा करा. आणि त्या दिवशीची खारी असेल तर आणा." रागावले ते दुसऱ्या दिवशी. भावाची समजूत घालून झाल्यावर फोन करून मला म्हणाले की तीन दिवसांत त्यांचं वजन दोन किलो उतरलं, आणि ते मी भरून द्यायला हवं. एवढंच.

माझ्या सांगण्यावर मॅडमनी काम लगेच सुरू केलं असं मात्र नाही. चार नंबरच्या जागी त्यांनी दोन काचा लावल्या, एकीखाली एक. "तुझ्यावर माझा विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "भिंतीवरही आहे. पण दोघींनाही एकदा विचारून घेऊ." आठ दिवस थांबलो. रोज सकाळी त्या भिंग माझ्या हातात द्यायच्या, आणि मी पाहून मोठ्याने सांगायचं. 'मोठ्याने' ही त्यांची अट होती. आठव्या दिवशी मारुती मिस्त्रीने आपल्या हाताने एक टेकू काढून गर्डरसाठी जागा केली.

नोंदवहीतली माझी ती ओळ त्यांनी खोडू दिली नाही. "खोडायचं नसतं. खाली लिहायचं." खाली मी लिहिलं, काय झालं ते, पाच ओळींत. त्यांनी दोन ठिकाणी वेलांट्या दुरुस्त केल्या आणि सही केली.

दुकान गणपतीच्या तीन आठवडे आधी सुरू झालं. विटा उघड्याच ठेवल्या, वर कागद नाही की रंग नाही. मधल्या भिंतीतल्या मोकळ्या जागेतून आता मागच्या खिडकीचा उजेड थेट रस्त्यापर्यंत येतो, आणि छतापासून लोंबणारे पडदे त्यात हलतात. काचा काढू द्यायला मॅडम तयार नव्हत्या. "घराचं दुकान झालं. भिंतीची भिंतच राहिली," असं त्यांनी हनीफभाईंना सांगितलं. त्यामुळे पडद्यांच्या मधे, मांडणीशेजारी, सहा काचा अजून आहेत, नंबर आणि तारखांसकट. गिऱ्हाइकं विचारतात हे काय. हनीफभाई सगळी गोष्ट सांगतात. माझं नाव सांगत नाहीत.

पहिल्या दिवशी मॅडम दुपारी आल्या. मुलीकडे नागपूरला कायमचं जायचं ठरलं होतं, आठवड्याभराने गाडी होती. कॅनव्हासचे बूट तेच, साडी मात्र रेशमी. आत गर्दी होती. बाहेर उभ्या राहून त्यांनी भिंत वाजवली, तीनदा, आणि दारातल्या दोन बायका बाजूला झाल्या. हनीफभाईंनी सरबत आणलं, मारुती मिस्त्री नवा शर्ट घालून कोपऱ्यात उभा होता. मॅडमनी भिंग काढलं आणि गर्दीतून वाट काढत एक ते पाच काचा पाहिल्या. चारपाशी दोनदा थांबल्या.

"वही कुठंय?"

मी आणली होती. त्यांनी ती पडद्यांच्या गठ्ठ्यावर उघडली आणि स्वतः लिहिलं, त्या ठसठशीत अक्षरात. वही माझ्या हातात परत दिली. मिस्त्रीकडे पाहून मान हलवली, त्याने हलवली. मला म्हणाल्या, "शिडी चढताना बोलू नकोस. बाकी वेळेस बोल." आणि गेल्या.

मी वही उघडली. तारखेखाली एकच ओळ होती: सर्व काचा शाबूत. विशेष काही नाही.

दारात आले तेव्हा त्या रस्ता ओलांडून पलीकडे पोचल्या होत्या. रिक्षा शोधत असतील असं वाटलं. पण त्या समोरच्या औषधांच्या दुकानाच्या जुन्या भिंतीपाशी उभ्या होत्या, हातात किल्ली, मान तिरकी. आतला माणूस काउंटरवर ओणवा होऊन त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या ऐकत होत्या.